‘यूका-लेली’वर रुसलेल्या खेळाडूला एका लेव्हल डिझायनरचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: “२०१५ साली इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ‘यूका-लेली’ या गेमसाठी पैसे भरले. हा गेम लहानपण परत देईल असं वाटलं होतं. दोन वर्षं त्याचे ट्रेलर पाठ केले. गेम आला, दुसऱ्या जगापर्यंत गेलो आणि कंट्रोलर खाली ठेवला तो ठेवलाच. आता त्याची नवी आवृत्ती आली आहे. मला तेव्हा नक्की काय खटकलं? वय वाढलं म्हणून माझीच मजा संपली, की गेम खरंच फसला? आणि नवी आवृत्ती घ्यावी का?”

तुमच्या वयाचा यात काही दोष नाही. तुम्ही जिथे कंट्रोलर ठेवलात, साधारण तिथेच मीही ठेवला होता, आणि मी तर पोटासाठी हेच काम करतो. गेली सोळा-सतरा वर्षं लेव्हल, म्हणजे गेममधली खेळायची जगं, डिझाइन करतोय, त्यातली बरीचशी प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेमची. हा गेम मी तीनदा खेळलो: एकदा तुमच्यासारखा आशेने, एकदा चिडून, आणि एकदा वही घेऊन. वहीतलं बरंचसं खाली देतो.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यूका हा हिरवा घोयरा सरडा, आणि लेली ही त्याच्या डोक्यावर बसून तोंडाचा पट्टा चालवणारी वटवाघूळ. दोन्ही नावं एका दमात म्हटली की युकुलेली हे वाद्य ऐकू येतं. गेमचं नाव जाहीर होण्याआधी तो ‘प्रोजेक्ट युकुलेली’ म्हणूनच ओळखला जायचा. कॅपिटल बी नावाचा मधमाशीच्या रूपातला उद्योगपती जगातली सगळी पुस्तकं हडप करायला निघतो. त्यात एका जादुई पुस्तकाची सोनेरी पानं सुटून भलत्याच जगांमध्ये विखुरतात. ही पानं, म्हणजे ‘पेजी’, गोळा करत फिरायचं. पानांना डोळे आहेत आणि ती बोलतात. एकूण मामला असा तऱ्हेवाईक.

आता तुमच्या निराशेचं मूळ. ते २०१५ मध्ये नाही, १९९८ मध्ये आहे.

त्या वर्षी इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस गावच्या रेअर या स्टुडिओने निन्टेंडो ६४ या गेमयंत्रासाठी ‘बॅन्जो-काझूई’ काढला. पाठीवर निळी सॅक घेतलेलं अस्वल आणि सॅकमधून डोकं काढून सगळ्यांचा अपमान करणारी लाल पक्षीण. नऊ जगं, प्रत्येक जगात दहा सोनेरी जिगसॉचे तुकडे, शंभर स्वर. २००० साली त्याचा पुढचा भाग आला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर ३७.५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि मग अस्वल-पक्षिणीच्या तिसऱ्या मोठ्या गेमची वाट पाहणं हा एका पिढीचा उद्योग झाला. २००८ मध्ये तो आला, ‘नट्स अँड बोल्ट्स’, आणि त्यात उड्यांऐवजी गाड्या होत्या. सुटे भाग जोडून वाहन बनवायचं आणि त्यावर बसून कामं करायची. गंमत म्हणजे सुरुवातीलाच गेमचा एक स्वयंघोषित देव येऊन अस्वलाला आणि जुन्या गेममधल्या खलनायिका चेटकिणीला निरर्थक वस्तू गोळा करण्याच्या शर्यतीला लावतो आणि थोड्याच वेळात स्वतःच कंटाळतो. ज्या लोकांनी आठ वर्षं वाट पाहिली होती, त्यांच्याच तोंडावर हा विनोद. मला तो गेम आज आवडतो, त्यातली गाड्या बांधायची यंत्रणा भन्नाट आहे. पण तेव्हाचा राग मला समजतो. पुरणपोळीचं आमंत्रण देऊन पिझ्झा वाढला, तर पिझ्झा कितीही चांगला असो, पाहुणा पानावरून उठणारच.

म्हणून २०१४ मध्ये रेअरमधल्याच जुन्या मंडळींनी प्लेटॉनिक गेम्स हा छोटा स्टुडिओ काढला तेव्हा काय झालं ते लक्षात घ्या. बॅन्जोची पात्रं रेखाटणारे स्टीव्ह मेल्स, त्याच गेमचे प्रोग्रामर आणि अस्वल-पक्षिणीचे आवाज काढणारे ख्रिस सदरलँड, संगीताला ग्रँट कर्कहोप आणि सोबत ‘डाँकी काँग कंट्री’ या जुन्या गेमचे संगीतकार डेव्हिड वाइज. मे २०१५ मध्ये किकस्टार्टरवर मागणी होती १,७५,००० पौंडांची. तासाभराच्या आत ती पुरी झाली. शेवटी जमले वीस लाख पौंडांहून जास्त, देणारे ७३ हजारांहून जास्त, आणि त्यात तुम्ही एक.

इथे मला एक धंद्यातली गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे. गेम बनवणं हे मुख्यतः छाटणीचं काम आहे. आम्ही सुरुवातीला पंचवीस कल्पना मांडतो, करड्या ठोकळ्यांचं कच्चं जग उभं करतो, ज्याला आम्ही ग्रेबॉक्स म्हणतो, आणि त्यात त्या कल्पना खेळून पाहतो. बऱ्याचशा मरतात. मरायलाच हव्यात. उरलेल्यांना जागा मिळते. पण लोकवर्गणीच्या गेममध्ये उलटं घडतं. कल्पना खेळून पाहायच्या आधीच त्या यादीत छापल्या जातात आणि त्या यादीवर लोक पैसे देतात. रक्कम वाढते तशी यादीत भर पडते. मग दीड वर्षाने डिझायनरला कळतं की अमुक एक गोष्ट कंटाळवाणी आहे, पण ती काढायची कशी? ती विकली गेली आहे! लग्नपत्रिकेवर छापलेलं नाव आणि वचनात दिलेलं फीचर, दोन्ही खोडता येत नाहीत.

‘यूका-लेली’ची यादी म्हणजे जवळजवळ बॅन्जोचाच सातबारा. बोलता सोबती आहे, पक्षिणीऐवजी वटवाघूळ. रूपांतर करणारी शास्त्रज्ञबाई आहे, मांत्रिकाऐवजी. युक्त्या शिकवणारा साप आहे, मोल या बिळातल्या प्राण्याऐवजी, आणि हा अर्ध्या चड्डीतला साप फुकट शिकवत नाही, वाटेत वेचलेली पिसं मोजून घेतो. अगम्य ‘घुर्र-गुर्र’ आवाजातले संवाद आहेत, खाणगाडीची सफर आहे, प्रश्नमंजुषा आहे, प्रत्येक जगात जुन्या धाटणीचा आर्केड खेळ आहे. सगळं आहे. एप्रिल २०१७ मध्ये गेम आला तेव्हा यादीवर खुणा करत गेलात तर फारशी रिकामी चौकट सापडली नसती. म्हणूनच तुम्हाला काय खटकलं हे सांगता येत नव्हतं. ‘नट्स अँड बोल्ट्स’वर रागावणं सोपं होतं, त्यांनी सगळं बदललं होतं. इथे बोट कुठे ठेवणार?

मी बोट ठेवतो: अंतरावर.

बॅन्जोचं पहिलं जग, मम्बोज माउंटन, आज पुन्हा उघडून बघा. ती एक टेकडी आहे. तुम्ही आत शिरता तिथपासून वर पाहिलं की जवळजवळ सगळं जग नजरेत येतं. संत्री फेकणारा गोरिला दिसतो, वाळवीचं वारूळ दिसतं, कवटीच्या आकाराची झोपडी दिसते. वारुळात आधी शिरलात तर आतला चढ निसरडा, अस्वलाला जमत नाही. मग मांत्रिक तुम्हाला वाळवी करतो आणि तोच चढ तुम्ही तुरुतुरु चढता. एकच जागा दोनदा वापरली, आणि दुसऱ्यांदा तुम्ही वेगळे होतात. अर्ध्या-पाऊण तासात जग रिकामं. हे असं का होतं? कारण कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, जागाच नव्हती. अख्खा गेम १६ मेगाबाइटमध्ये बसवायचा होता. आज माझ्या फोनमधले चार फोटो तेवढी जागा खातात. जागा नाही म्हणून प्रत्येक दगडाला काम द्यावं लागलं. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत दिवसा बैठक, दुपारी स्वयंपाक आणि रात्री पाच जणांची निजायची सोय होते, तशी ती लेव्हल होती.

त्याच गेमचं शेवटचं मोठं जग, क्लिक क्लॉक वूड, हे तर मी शिकाऊ डिझायनरांना हटकून दाखवतो. एक प्रचंड झाड, चार दरवाजे, चार ऋतू. वसंतात तुम्ही एक अंडं उबवता. उन्हाळ्यात पिल्लू भुकेलं असतं, त्याला अळ्या आणून द्यायच्या. शरदात त्याची भूक वाढलेली. हिवाळ्यात गेलात तर गरुड मोठा झालेला असतो आणि उडून जाता जाता तुम्हाला सोनेरी तुकडा देतो. झाड तेच, फांद्या त्याच, पण चारदा चढताना कंटाळा येत नाही, कारण मधे काळ गेलेला आहे.

आता ‘यूका-लेली’तलं जग. इथे पाचच जगं आहेत, पण प्रत्येक जग ‘वाढवता’ येतं. गोळा केलेली पानं पुस्तकाला द्या, जग आणखी पसरतं. कागदावर ही कल्पना मलाही आवडली असती. पण वाढतं म्हणजे काय होतं? नवी बेटं येतात, नवे कडे येतात. जुन्या भागाचा अर्थ बदलत नाही, तो फक्त नव्या भागाकडे जायची वाट होऊन बसतो. प्रत्येक जगात २५ पानं आणि २०० पिसं. म्हणजे एका जगातल्या वस्तू बॅन्जोपेक्षा दोन-अडीचपट, पण जागा त्याहून किती तरी जास्त. तुम्ही चालत राहता.

हे मी कोणाकडे बोट दाखवून बोलत नाही, मीच हे केलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्टुडिओत आम्ही मोबाइलसाठी प्लॅटफॉर्मर करत होतो, नायिका होती खारूताई. पहिलं गाव ग्रेबॉक्समध्ये होतं तोवर ऑफिसातली पोरं डबा उघडा ठेवून ते खेळायची. मग आर्टच्या टीमने फार देखणी झाडं केली. त्यांना जागा हवी म्हणून मी गाव लांबीला दीडपट, रुंदीला दीडपट केलं. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोनपट. खारूताईचा वेग तोच, उडी तीच, अक्रोडही तेवढेच. प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळून तपासायला आलेली नववीतली मुलगी पाच मिनिटं खेळली आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, “काका, हिला सायकल नाही का?” तेव्हापासून मी स्टॉपवॉच घेऊन बसतो. एका गमतीपासून पुढच्या गमतीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजतो. माझा आडाखा साधा आहे: खेळणारा सात-आठ सेकंद नुसता पुढे पळत असेल आणि पुढे काय आहे हे त्याला दिसतही नसेल, तर तिथे काहीतरी ठेव किंवा ती जागा काप. ‘यूका-लेली’च्या दुसऱ्या जगात, ग्लिटरग्लेझ ग्लेशिअरमध्ये, मी हे मोजायला बसलो आणि थोड्या वेळाने घड्याळ बंद केलं.

आणि दिसणं. मोठ्या जागेत हरवू नये म्हणून लांबून दिसणारी खूण लागते. पुण्याच्या नैऋत्येला कुठेही असलात तरी सिंहगडावरचा टॉवर दिसतो आणि आपण कोणत्या बाजूला तोंड करून उभे आहोत ते कळतं. पहिल्या जगात, ट्रायबलस्टॅक ट्रॉपिक्समध्ये, उंच बांधकामं आहेत, म्हणून तिथे तुमचं जमलं. तिसरं जग, मूडीमेझ मार्श, नावातच भूलभुलैया आहे. अंधुक दलदल, सगळीकडे सारखेच बांध. गेममध्ये नकाशा नाही. तिथवर तुम्ही गेलाच नाहीत, बरं झालं.

एक पुरावा मला फार बोलका वाटतो. २०१६ मध्ये पैसे भरलेल्यांपैकी अनेकांना ‘टॉयबॉक्स’ नावाचा छोटा नमुना खेळायला मिळाला. गोष्ट नाही, मोहीम नाही, फक्त एक आवार, काही पिसं आणि सरड्याच्या उड्या. तुम्हाला मिळाला असेल तर आठवा, किती वेळ तुम्ही त्यात उगीचच लोळत होतात? तोच सरडा, तीच वटवाघूळ. चेंडूसारखं गोल होऊन चढावर पळणं, हवेत पंख पसरून तरंगणं, या गोष्टी तेव्हा छान वाटत होत्या. पात्र हलतं कसं, यात गेम कधीच फसला नव्हता. लहान अंगणात मजा येत होती आणि मैदानात ती विरली.

कॅमेऱ्याबद्दल सगळेच बोलले, मी थोडक्यात वेगळं बोलतो. त्रिमितीय गेममध्ये कॅमेरा हे दुसरं पात्र असतं आणि ते तुमच्या मागे चालत असतं. भिंत आली की त्याला पुढे सरकावं लागतं, अरुंद जागा आली की वर चढावं लागतं. कॅमेऱ्याने स्वतःहून किती वळायचं आणि खेळणाऱ्याच्या अंगठ्याला किती मान द्यायचा, हे ठरवण्यात आमचे महिने जातात. इथे अंगठा एकीकडे ओढायचा आणि गेम दुसरीकडे. त्याच वर्षी आलेल्या मोठ्या दुरुस्तीत कॅमेरा बराच सुधारला, संवाद टाळायची सोयही आली. पण तोवर तुम्ही निघून गेला होतात, आणि रुसून गेलेला माणूस दुरुस्त्यांची टिपणं वाचायला परत येत नाही.

यावरून ट्रेलरचं सांगतो, कारण तुम्ही ते पाठ केले होते. ट्रेलरमधला कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नसतो. माझ्यासारखा एखादा माणूस मोकळा कॅमेरा घेऊन दोन दिवस बसतो, सरडा कड्यावरून झेप घेतो त्या क्षणी खालून वर जातो, ढगांच्या बाजूने वळतो, आणि त्यातले चार सेकंद वापरतो. मी स्वतः असे ट्रेलर कापले आहेत. त्यात खोटं काही नसतं. ती जागा आहे, ती उडीही आहे. पण त्या दोन उड्यांच्या मधली चाल कापलेली असते, आणि गेम विकत घेतल्यावर तुमच्या वाट्याला मुख्यतः ती चालच येते. दोन वर्षं तुम्ही चाल नसलेला ‘यूका-लेली’ मनात खेळत होतात. तो गेम खरंच चांगला होता.

प्रश्नमंजुषेबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतो. डॉ. क्वॅक नावाचं बदक मधेच अडवून तुम्ही काय काय पाहिलं याची परीक्षा घेतं. वटवाघूळ त्यावर कुरकुर करते, म्हणजे हे त्रासदायक आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. आपल्याकडे बस उशिरा आणणारा कंडक्टर स्वतःच “उशीरच होतो हो” म्हणून हसतो, तसला हा विनोद. एकदा हसू येतं. पण बस वेळेवर येत नाहीच. चौथ्या जगात, म्हणजे कॅपिटल कॅशिनोत, पानांऐवजी नाणी मिळतात आणि दहा नाण्यांचं एक पान. शेवटच्या बॉसकडे, म्हणजे मुख्य खलनायकाकडे जायला शंभर पानं लागतात. त्यात उत्तरार्धात एक अशी युक्ती मिळते की वटवाघूळ सरड्याला घेऊन सरळ उडायला लागते. आम्ही रक्त आटवून उड्यांची अंतरं मोजायची आणि मग खेळणाऱ्याला पंख द्यायचे! मोठ्या जागांवर काढलेला तो तोडगा आहे हे मला उघड दिसतं.

चांगलं काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं उखाळ्यापाखाळ्या काढणं होईल. संगीत उत्तम आहे. ट्रायबलस्टॅकची धून मला अजून भांडी घासताना सुचते. स्टीव्ह मेल्सच्या पात्रांना चेहरा आहे, एक डोळा मोठा करून सरडा जसा बघतो तसं बघणं सोपं नाही. आणि एक कल्पना तर अशी होती की तिच्यावर अख्खा गेम उभा राहिला असता: सरडा जे चाटेल त्याचा गुण घेतो. मध चाटला की पाय चिकट होतात आणि निसरड्या चढावर चढता येतं. तोफेचा गोळा गिळला की जड होतो आणि वाऱ्याने उडत नाही. सरड्याच्या सरडेपणातून आलेली ही युक्ती आहे, बॅन्जोकडून उसनी घेतलेली नाही. ती वापरली आहे, पण पंधरा युक्त्यांपैकी एक म्हणून. यादी लांब असली की असं होतं. चांगली गोष्ट रांगेत उभी राहते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोन गेम आले. एक ‘सुपर मारिओ ओडिसी’, त्याची तुलना अन्यायाची ठरेल. निन्टेंडोचा पैसा आणि माणसं कुठे आणि हा छोटा स्टुडिओ कुठे. दुसरा मात्र बरोबरीचा: ‘अ हॅट इन टाइम’. डेन्मार्कच्या योनास केर्लेव्ह यांनी सुरू केलेल्या गिअर्स फॉर ब्रेकफास्ट या गटाचा. त्यांनीही किकस्टार्टरवर पैसे मागितले होते, २०१३ मध्ये, अवघे तीस हजार डॉलर. मिळाले दहापटीच्या आसपास. त्यांचं जुन्या गेमवरचं प्रेम प्लेटॉनिकवाल्यांइतकंच, पण रेअरमध्ये त्यांनी कधी काम केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे सातबारा नव्हता. त्यांना दरवेळी शोधावं लागलं. एका जगात समुद्रकाठचं शहर, जिथे स्वयंपाकी गुंड राहतात. पुढच्या जगात दोन पक्षी दिग्दर्शक सिनेमे काढतायत आणि तुम्ही दोघांच्याही सिनेमात काम करता. एका चित्रीकरणात रेल्वेगाडीत खुनाचा तपास. दर प्रकरणात त्याच जागेचा वापर वेगळा. क्लिक क्लॉक वूडचं झाड आठवतंय? ऋतू त्यांनी घेतले नाहीत, ऋतू का होते ते घेतलं.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंत की हा गेम ‘लहानपण परत देईल’ असं वाटलं होतं. कोणाचं लहानपण? महाराष्ट्रात १९९८ साली निन्टेंडो ६४ किती घरांत होता? माझ्या ओळखीत एकाकडेही नाही. आपल्याकडे होता तो चिनी ‘व्हिडिओ गेम’, त्याची पिवळी नाहीतर काळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं आणि आत खऱ्या पाच-सहाच. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. लेव्हलला आपण ‘स्टेज’ म्हणायचो, कंट्रोलरला ‘रिमोट’. मारिओ, काँट्रा, आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया. बॅन्जो मी खेळलो तो २००५ च्या सुमारास, सायबर कॅफेतून आणलेल्या एम्युलेटरवर (कॉम्प्युटरला जुन्या गेमयंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम), की-बोर्डने. तुम्हीही तसंच काहीसं केलं असणार, किंवा इंग्रजी व्हिडिओ पाहून त्या अस्वलाच्या प्रेमात पडला असणार.

म्हणजे तुमच्या निराशेला दोन थर आहेत. वर्गणी देणाऱ्या त्या ७३ हजारांतल्या कितीतरी लोकांना निदान आपली स्वतःची आठवण होती. ‘यूका-लेली’ने तिला हात लावला, काहींना तेवढंच पुरलं, आणि त्यांना तो गेम मनापासून आवडला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या बाबतीत ते घुर्र-गुर्र आवाज ऐकले की उरलेलं काम स्मरणशक्ती करत होती. दोन उड्यांमधली चाल त्यांना १९९८ च्या दिवाणखान्याने भरून मिळत होती. तुमच्याकडे त्या जागी भरायला काही नव्हतं. तुम्हाला ती चाल चाल म्हणूनच दिसली. डिझायनर म्हणून सांगतो, तुमच्यासारखा प्लेटेस्टर मिळाला तर मी त्याला जेवायला घालीन.

नव्या आवृत्तीकडे येतो. त्याआधी एक पायरी आहे आणि ती चुकवू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लेटॉनिकनेच ‘यूका-लेली अँड द इम्पॉसिबल लेअर’ काढला. हा आडवा, बाजूने दिसणारा प्लॅटफॉर्मर, बराचसा ‘डाँकी काँग कंट्री’च्या वळणाचा. शेवटची लेव्हल सुरुवातीपासून उघडी आहे, हिंमत असेल तर लगेच जा, आणि ती नावाप्रमाणे अशक्य आहे. इतर लेव्हल पुऱ्या केल्या की एकेक मधमाशी सुटते आणि शेवटच्या लेव्हलमध्ये ती तुमच्यासाठी एक फटका झेलते. अशा ४८ मधमाश्या. गोळा करायची प्रत्येक गोष्ट तुम्हाला कुठे उपयोगी पडणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. याच मंडळींना जागा कमी मिळाली की काय करता येतं, ते इथे दिसतं. माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत चांगला गेम, आणि त्याची तुम्ही वाट पाहिली नव्हती म्हणून तो तुमच्या नजरेतून सुटला.

२०२५ च्या ऑक्टोबरात आलेला ‘यूका-रिप्लेली’ हा पहिल्याच गेमचा पुन्हा बांधलेला अवतार. नकाशा आहे, युक्त्या सुरुवातीपासून हातात आहेत, कॅमेरा नव्याने केला आहे. माझ्या वहीतल्या बऱ्याच नोंदींवर काट मारता येईल अशी दुरुस्ती आहे. अंतरं मात्र पूर्ण गेलेली नाहीत. पाया जुना असला की भिंती कितीही हलवा, अंगण तेवढंच राहतं. पण सरड्याच्या हालचाली सुरुवातीपासून मोकळ्या असल्याने ते अंतर आता सुसह्य होतं. सेलमध्ये आला की घ्या. पूर्ण किमतीला नको, तुमचं एकदाचं वर्गणी देऊन झालं आहे.

आणि खेळताना सगळी पानं गोळा करायच्या फंदात पडू नका. ट्रायबलस्टॅकमध्ये दोन संध्याकाळी घालवा. कर्कहोपची धून कानावर पडू द्या. ग्लिटरग्लेझमध्ये बर्फाचा एक महाल आहे, तिथे कॅमेरा तिरक्या कोनात एका जागी रोवलेला असतो आणि तुम्हाला तो हलवता येत नाही. त्या महालात जरूर जा. मी पहिल्यांदा त्याच्या दाराशी पोचायच्या आधीच कंटाळून बंद केला होता, आणि माझा अंदाज आहे, तुम्हीही.